पाहुण्याचं गाणं

कोपर, बुधवार, १२ फेब्रुवारी १९५८

प्रिय प्रमोदिनी,

रविवारचं तुझं व्याख्यान पक्कं झालं. वाचनालयाचे चिटणीस आज आमच्या शाळेत येऊन स्वतः सांगून गेले. 'डोंबिवलीची मूळ गाणी' असा विषय, आणि मी तुला लिहून पाठवलेलं पाहुण्याचं गाणं कार्यक्रमपत्रिकेवर पहिलंच छापलंय. खाली तुझी टीप: 'दोनशे वर्षांपूर्वीचे असावे.' वाचून मला फार बरं वाटलं.

सत्तेचाळीस साली कराचीहून तुम्ही आलेलात तेव्हा आपण दोघी दहा-दहा वर्षांच्या होतो. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि तापाने फणफणलेली तुझी आई. माझ्या बाबांनी पडवी मोकळी करून दिली. आईने तुझ्या आईला महिनाभर पेज पाजली. खाडीतले निवटे मासे धरायला मी तुला शिकवलं, शुद्ध बोलायला तू मला. पुढे स्टेशनजवळ तुमचं घर झालं, तुमच्यासारखी आणखी शंभर झाली, आणि तुम्ही 'डोंबिवलीकर' झालात. आम्ही राहिलो 'इथले गाववाले'. वास्तुशांतीला तुझ्या अप्पांनी बाबांची ओळख तशीच करून दिली. तेही मी गिळलं.

माझं लग्न मात्र गिळता आलं नाही. आमच्यात लग्न धवलारीण लावते. ती धवले गाते, तेच आमचे मंत्र. माझी आई ठमाबाई, दिव्यापासून मानपाड्यापर्यंत मागणी असलेली धवलारीण. तू हळदीला आलीस आणि सगळ्या मुलींसमोर म्हणालीस, "अगं गोदे, तू मास्तरीण होणार आणि तुझं लग्न बाई लावणार? भटजी काय संपावर गेलेत?" सगळ्या हसल्या. मीही हसले, प्रमे. आणि त्याच संध्याकाळी भटजींना निरोप धाडला. मुहूर्ताच्या वेळी माझी आई भाताच्या कणगीमागे बसून होती. त्यानंतर ती एकाही मांडवात गायली नाही. कोणी बोलवायला आलं की म्हणते, "माजा गला गोदीनं बसवला." खोटं नाही ते. माझा वाटा मी रोज भोगते. तुझा तेवढा राहिला होता.

दिवाळीत तू लिहिलंस, 'तुमच्याकडचं अस्सल जुनं काही पाठव.' मी पाठवलं. ते गाणं दोनशे वर्षांचं नाही, तीन वर्षांचं आहे. माझ्या लग्नानंतरच्या भातलावणीत, चिखलात उभी राहून आईने रचलेलं. 'आयला पाव्हना, बसला वटीव, घरधन्याला पुसं, तू रं कोनचा?' ओटी आमची आणि पाहुणा तुझे अप्पा. पाड्यातल्या पोरीबाळींना ते पाठ आहे. तुला न कळवता मला गंमत बघता आली असती. पण नुसतं हसं झालेलं मला पुरणार नाही. भटजींपुढे बसताना मला जसं सगळं ठाऊक होतं, तसं तुलाही उभं राहण्याआधी ठाऊक हवं, म्हणून हे पत्र. पत्रिका गावभर वाटून झाल्यात, आता गाणं बदलता येणार नाही. पुढच्या रांगा धरायला आमच्या चाळीस बायका चारलाच येतील. तुला पाठवल्या त्या सहाच ओळी. सातवीत पाहुण्याचं नाव येतं. ती आई म्हणणार आहे.

तुझीच,
गोदा