राघूचं ‘सरी’

मंगळवार, संध्याकाळ

राघू ‘सरी, अण्णा’ म्हणाला होता. मी तो होकार धरला.

आजारी मुलांचे एवढे नमुने एक्सोम सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे जनुकं वाचून आजाराचं कारण शोधायला, बाहेर द्यायचे, म्हणून मी आधी एकाच मुलाचा नमुना दोन नावांनी निवडीतल्या दोन्ही लॅबना पाठवला. बेळ्ळंदूरच्या लॅबने त्या एकाच मुलाचे दोन वेगळे निकाल दिले. राघूला दाखवलं, तेव्हाचं हे ‘सरी’. आणि आज मीटिंगमध्ये त्यानेच बेळ्ळंदूरचं नाव पुढे केलं. लवकर देतात म्हणे! आमच्या विभागप्रमुख मॅडमनी माझ्या चाचणीचं विचारलं, तर हसून म्हणाला, “अण्णा स्वल्प जास्तच बारीक बघतात.” बारीक बघायला याला शिकवलं कोणी? मीच ना, स्वतः पुस्तकं घेऊन शिकलेल्या माणसाने?

जिन्यात गाठलं. “मग सरी का म्हणालास?”

“अण्णा, सरी म्हणजे ऐकलं. पटलं असं कुठे म्हणालो?”

जन्म बंगळुरात गेला आणि सरीचा हा अर्थ आज कळला. चुकीचा निकाल घेऊन एखादी आई घरी जाईल, त्याचं काय?

मॅडमनी बेळ्ळंदूरच ठरवलं आणि काम राघूकडे दिलं. उद्या ते नमुने बेळ्ळंदूरला पाठवायला राघू मलाच सांगणार. मीही म्हणेन, “सरी.”