शुद्ध आवाजाची फियाट

रविवार, ४ मार्च २००१
बंद मिलच्या गेटवर कामगारांची रविवारची मीटिंग. मिल बंद झाल्यापासून एकही चुकवली नाही. मिल उघडणारच. तोवर पीथमपूरच्या कारखान्याची ड्यूटी मिळतेय: श्रीहरी नावाच्या इंजिनियरसाहेबांना रोज माझ्या फियाटमधून न्यायचं-आणायचं. २ एप्रिलपासून. शशिकलेने ओळखीतून जमवलं. म्हणाली, अहो, एवढी हातची घालवू नका. बायकांना घाई फार.

एकच अडचण. फियाट आमच्या मॅनेजरसाहेबांची, मिल सोडताना मला देऊन गेले. आत सीडी प्लेयर आहे, पण सीडीवरचे आकडे वाचून त्यांचं गाणं करणारा कन्व्हर्टर जळलाय. साहेबांना मुक्या गाडीत बसवणं मला शोभणार नाही. मी मिलचा इलेक्ट्रिशियन. कन्व्हर्टर हवा तो १९८६चा जपानीच. नवे म्हणजे पाणी घातलेलं दूध. आठवड्यात आणतो.

मंगळवार, ६ मार्च
सांवेर. एका सोयाबीनवाल्याकडे कन्व्हर्टर आहे असं कळलं होतं. निघाला व्हीसीआर. हरकत नाही.

बुधवार, १४ मार्च
रंगपंचमी. अख्खं इंदूर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर. मी फियाटवर चादर घालून पहाऱ्याला. शशिकला म्हणाली, इंजिन खोकतंय, ते आधी दाखवा. इंजिन खोकत असेल तर शुद्ध आवाजाची गरज जास्तच. तिला हे समजत नाही.

रविवार, १८ मार्च
गेटवर माणसं कमी. मिलमधला माझा जोडीदार श्रीराम म्हणाला, किसन भिया, गाने-बिने छोडो, गाडी चलाओ, आजकल ड्यूटी मिळते कुठे. टेप आणि सीडीतला फरक कळत नाही त्याला.

गुरुवार, २२ मार्च
मानपूर. हायवेवरच्या मेकॅनिकने नव्या कन्व्हर्टरच्या डब्यावर जुनं झाकण बसवून दाखवलं. मी बरा फसेन! परतताना इंजिन बंद. महूपर्यंत ट्रॅक्टरने ओढलं. शांतपणे विचार करता आला.

सोमवार, २६ मार्च
सापडला. बेटम्याला, बंद पडलेल्या व्हिडिओच्या दुकानात. असली जपानी. डबा घरगुती वापराचा, २२० व्होल्टवर चालतो. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. किरकोळ बाब.

बुधवार, २८ मार्च
तोडगा निघाला. खिडकीतून वायर काढून घरच्या प्लगला जोडली. काय आवाज! तबल्यावर फिरणारं बोट ऐकू येतं. श्रीराम म्हणाला, इन्व्हर्टर लगा लो भिया. इन्व्हर्टरची लाइट अशुद्ध, गाण्यात घरघर येते. शशिकलेने विचारलं, वायर कुठपर्यंत पुरते. म्हटलं, फाटकापर्यंत आरामात.

रविवार, १ एप्रिल
मीटिंग चुकली, पहिल्यांदाच. श्रीहरीसाहेब गाडी बघायला आले. बसवलं, ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते, तेवढ्यात लाइट गेली. उतरून म्हणाले, छानच आहे, पण मी गाडीत झोपतो. उद्या सातला निघू ना? मी म्हटलं, थोडं वायरिंग बाकी आहे, चार दिवस द्या. शशिकला उठून आत गेली.

खरं म्हणजे पीथमपूरचं नाव काढलं की मी डबा उघडून बसतो. ती ड्यूटी धरली म्हणजे मिल संपली, असं मीच कबूल केल्यासारखं होईल. हे तिला कसं सांगू? त्यापेक्षा वायरिंग बरं. चार दिवसांत नक्की करतो.

सोमवार, २ एप्रिल, सकाळी ७
श्रीराम आला. शशिकलेने बोलावला. गाडी आपली, ड्यूटी तो करणार. इंजिन त्याने काल संध्याकाळीच ठीक करून ठेवलं होतं, मला वाटलं पुसतोय. सीटखालून डबा काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, संभालके रखना भिया, महँगी चीज आहे. शशिकला त्याच गाडीतून बाजारापर्यंत गेली. तिने मला चला म्हटलं नाही.

ओट्यावर बसलोय. वायर प्लगमध्येच आहे. आज लाइट गेलेली नाही. डब्याचा लाल दिवा लागलाय.