आवाज मयुरीकडे राहील

मी, अभिमन तोताराम भारंबे, वय ७६, मूळचा सावद्याचा, हल्ली राहणार पिंप्राळा, जळगाव, व्यवसाय शेती आणि भाषणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न दोघांनी केला; त्यांची नावे योग्य ठिकाणी येतील. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. सुलक्षणा वारके यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि कापसाला यंदा काय भाव मिळायला हवा होता तेही सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "पुरे, नाना. शाबूत आहे."

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. सभेच्या भरात मी जे जे समाजाला अर्पण केल्याचे बोललो असेन, ते कायद्याने ग्राह्य धरू नये.

कलम १. पिंप्राळ्याचे घर माझ्या कष्टाचे आहे. माझी पत्नी झुंबरबाई हिने त्यात हयातभर मालकिणीसारखे राहावे आणि तिला तिथून कोणी हलवू नये. तिच्यानंतर घर माझा मुलगा योगराज याचे. पुढची खोली मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला द्यायचे योगराजच्या मनात आहे. सोमवार ते शनिवार माझी हरकत नाही. रविवारी दुपारी ती खोली कोणाच्याही भाड्याची नाही. का, ते कलम ४ मध्ये.

कलम २. सावद्याचे केळीचे शेत वडिलोपार्जित आहे, त्यात योगराजचा हक्क जन्मानेच आहे. माझा हिस्साही त्यालाच. तो माझ्यापेक्षा चांगला शेतकरी आहे. ही गोष्ट मी कोणत्याही सभेत बोललो नाही, कारण तो सभेला येत नसे.

कलम ३. पुस्तके पाचोऱ्याच्या वाचनालयाला द्यावीत. माझे पहिले भाषण त्याच्या ओट्यावर झाले होते. ज्यांनी माझी पुस्तके नेऊन परत केली नाहीत, त्यांना ती मी या कलमाने बक्षीस देत आहे. इतकी वर्षे ते मला रस्त्यात चुकवत होते. आता निर्धास्त फिरावे.

कलम ४. माझा आवाज.

वकिलांनी मला विचारले, आवाज ही मिळकत कशी? म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या भाषणांच्या कॅसेटी लोखंडी पेटीत आहेत. हुंड्याविरुद्धची भाषणे आहेत, दारूविरुद्धची आहेत, आणि बरीचशी डीजेच्या भिंतींविरुद्धची. लग्नाच्या वरातीत स्पीकरची भिंत उभी करून म्हाताऱ्याच्या छातीत आणि पाळण्यातल्या बाळाच्या कानात दणका घालणे हा उत्सव नव्हे, ती दांडगाई आहे, असे मी गावोगाव सांगितले. आजही तेच म्हणतो. त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

पुढे माझ्या घशाचे ऑपरेशन झाले आणि डॉ. सुलक्षणांनी मला बोलायची बंदी केली. बंदी उठली तोवर जुना आवाज गेलेला होता. आता माझ्या गळ्यातून जे निघते, ते घरातल्यांना समजते. मैदानाला समजणार नाही.

त्या बंदीच्या दिवसांत मी पाटीवर लिहून बोलत असे. माझी नात मयुरी धुळ्याला शिकायला होती, ती सुट्टीत आली. मी नुसता बसून आहे हे पाहून तिने टीव्हीवर एक गाणे लावले. मला वाटले, फ्रीज बिघडला. मी पाटीवर लिहिले, "मेकॅनिकला बोलाव."

ती हसली. "आबा, कानांनी नका ऐकू. आधी पाहा."

कुठल्याशा डोंगरी शहरातल्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. त्यांच्यामागे दोन मुली उभ्या, त्यांच्या फक्त सावल्या दिसत. चादर वाऱ्याने फुगली की गाण्यातली ती फ्रीजसारखी घरघर वाढे, चादर पडली की घरघर थांबे. एवढेच. दुसऱ्यांदा लावायला मी बोटाने खूण केली. तिसऱ्यांदा मयुरीने माझे उपरणे टीव्हीवर टाकले आणि चित्र झाकले. "आता?" चादर मला तरीही दिसत होती.

तिथून मी रोज पाहू लागलो. एका गाण्यात सबंध वेळ रिकामी लिफ्ट वर-खाली जाते. एकात एक बाई ओल्या फरशीवर भांडी सरकवते आणि त्या घसटीलाच ताल लावलेला आहे. ज्यांच्यामागे कंपनी नाही, ओळख नाही, अशी ही पोरे. आपल्या खोलीत संगणकावर सूर बनवतात, मित्राच्या कॅमेऱ्याने चित्र काढतात आणि जगापुढे ठेवतात. कोणी पाहिले तर पाहिले. मला ही माणसे ओळखीची वाटली. मीही बिनपक्षाचा, बिनबॅनरचा, गुळाच्या खोक्यावर उभा राहून बोललेला माणूस आहे.

मग रविवारची दुपार सुरू झाली. कॉलनीतली चार पोरे, दोन निवृत्त शिक्षक, एक रिक्षावाले. नियम मी घातले. यंत्र स्वतःहून पुढचे गाणे दाखवते, ते पाहायचे नाही. प्रत्येकाने असा एक व्हिडिओ आणायचा जो इथे कोणी पाहिलेला नाही, आणि तो का आणला हे दोन वाक्यांत सांगायचे. गाणे चालू असताना कोणी बोलायचे नाही. बोलण्याच्या बाबतीत मी डॉक्टरांच्या बंदीने बांधलेला होतो, म्हणून हा नियम टिकला.

अशाच एका रविवारी मयुरी आणि तिचा धुळ्याचा मित्र नवल यांनी आपला व्हिडिओ आणला. पडद्यावर सावद्याचे केळी पिकवायचे केंद्र, गार अंधारात रचलेले क्रेट, हिरव्याचे पिवळे होत जाणारे घड. आणि त्यावर एक आवाज, तुकड्यातुकड्यांनी: "आवाज... कमी करा. कमी करा. माणसाला माणूस... ऐकू येऊ द्या." माझा आवाज. जुना. भरलेला.

मी पाटी मागितली आणि लिहिले, "ढोल कोणाचा?"

नवल म्हणाला, "तो ढोल नही, आबा. तुमना टेबलवरना हात शे तो."

भाषण करताना मी टेबलावर हात आपटतो. त्या पोरांनी तो ठोका कॅसेटमधून वेचून काढला होता. मग माझा आवाज विरत गेला आणि दुसराच एक आवाज उरला, खस् खस्, एका लयीत. पडद्यावर झुंबरबाईचे हात होते, किसणीवर कच्ची केळी पाडत होते, वेफरसाठी. शेवटपर्यंत तेवढेच. मी नाही.

झुंबरबाई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "माह्या किसणीचं गानं झालं का? आन् तुमी जल्मभर म्हनले, किसनी बंद कर, मले भाषन लिहू दे."

खोलीतले सगळे हसले. मीही.

आता दबावाची हकीकत. सावद्याला आमच्या भावकीत लग्न निघाले. डीजे भूपेंद्र सपकाळे याचा, ज्याच्या भिंतींविरुद्ध मी आयुष्य घालवले. त्याच्या पोऱ्यांनी मयुरीचे गाणे कुठूनसे उतरवून घेतले आणि शब्द न ऐकता, ठोका चांगला म्हणून वरातीत पूर्ण आवाजात लावले. "आवाज कमी करा" या वाक्यावर अख्खी वरात नाचली. आणि नवरीच्या मामांना वाटले, मी स्वतः माइक घेऊन ओरडतो आहे. ते माझ्या हाकेला धावायच्या जुन्या सवयीने पळत गेले आणि त्यांनी भिंतीची वायर उपटली. माझ्या कोणत्याही सभेने जे झाले नाही ते त्या दिवशी झाले: चालू वरातीत डीजे बंद पडला.

योगराज संध्याकाळी घरी आला तो लाल होऊन. "नाना, लोकं हसू राह्यले. तुमच्या भाषणावर घोडा नाचला, घोडा!"

मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "घोड्याला ताल कळला म्हणायचा."

"हसण्यावारी नका नेऊ. मयुरीला सांगा, तो व्हिडिओ काढून टाक. तुमचं नाव आहे गावात."

दुसऱ्या दिवशी माझे जुने सहकारी पितांबरराव आले. त्यांना माझ्या पश्चात माझ्या नावाचा विचारमंच काढायचा आहे. त्यांची मागणी अशी की कॅसेटी मंचाला द्याव्यात, भाषणे जशीच्या तशी ठेवावीत, आणि "तो पोरखेळ" पुसून टाकावा. पितांबरराव, तुमचा हेतू चांगला आहे. पण जशीच्या तशी भाषणे मी स्वतः परत ऐकलेली नाहीत, तुम्हीही ऐकलेली नाहीत. ती दोन पोरांनी ऐकली, पेटीतली एकूण एक, खोकल्यासकट.

त्या रात्री जेवताना मयुरी एवढेच म्हणाली, "आबा, तुम्ही म्हणाल तर काढते." तिने ताटातले काही खाल्ले नाही. तिचे ते पहिले काम आहे. माझ्यापश्चात तिला हे "तुम्ही म्हणाल तर" कोणापुढेही म्हणावे लागू नये, यासाठीच हे मृत्युपत्र लिहिले आहे. बाकीची कलमे सोबतीला आहेत.

सबब: लोखंडी पेटी, तीतील सर्व कॅसेटी आणि त्यांवरील माझा आवाज, टाळ्या, खोकला व टेबलावरचा हात यांसह, मी माझी नात मयुरी योगराज भारंबे हिला एकटीला देत आहे. तिने तो कापावा, जोडावा, उलटा वाजवावा किंवा तसाच ठेवावा. झालेला व्हिडिओ तिचा आहे. तो काढून टाकायला सांगण्याचा हक्क योगराजला नाही, पितांबररावांना नाही, भावकीला नाही. विचारमंचाला ऐकायचे असेल तर त्याने रविवारी दुपारी यावे आणि येताना एक व्हिडिओ आणावा.

त्या गाण्यातला किसणीचा भाग मी कोणाला देत नाही. तो झुंबरबाईचा आहे.

कलम ५. टीव्ही रविवारच्या मंडळींना. उपरणेही त्यांनाच, झाकायला.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी सून दिपमाला हिने करावी. अंत्यविधीआधी ते तिने एकटीने वाचावे, योगराजला नंतर दाखवावे. ती योगराजची बायको आणि मयुरीची आई आहे. या भांडणात दोन्ही बाजूंना वेळेवर जेवायला वाढणारी ती एकटीच होती.

कलम ७. माझा अंत्यविधी. आपल्याकडे स्मशानात चिता रचलेली असताना एकामागून एक श्रद्धांजलीची भाषणे होतात. मी स्वतः अशी किती केली याची गणती नाही. लोक उन्हात उभे असत आणि मी थांबत नसे. माझ्या चितेपुढे भाषण करू नये. कोणीही. पितांबररावांनी माझ्या पंचाहत्तरीला केलेले भाषण मला पुरेसे आहे.

त्याऐवजी मयुरीचे ते गाणे एकदा लावावे. स्पीकर भूपेंद्र सपकाळे याने आणावा. एकच, आणि त्याच्याकडचा सर्वांत लहान. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "नाना, हाताएवढा स्पीकर? माझी इज्जत जाईल." मी म्हणालो, "त्यासाठीच." त्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार व्हायला पात्र आहे, आणि ते त्याने मान्य केले आहे.

गाणे सुरू करायचे बटण योगराजने दाबावे. त्याने ते गाणे वरातीत ऐकले, तेही वायर उपटेपर्यंत. पुढे आईची किसणी आहे हे त्याला ठाऊक नाही. मी त्याला सांगितलेले नाही आणि इतरांनीही सांगू नये. त्याने शेवटपर्यंत उभे राहावे. ही अट नाही. शेत त्याचे आहे, ते असल्या गोष्टीला बांधून ठेवण्याइतका मी हलका नाही. बापाने मुलाला केलेली ही विनंती आहे.

मागे उभ्या असलेल्यांना ऐकू येणार नाही. त्यांनी आवाज वाढवायला सांगू नये. जवळ यावे.

येथे लिहिणे संपले. वाचून पाहिले, बरोबर आहे.

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) अभिमन तोताराम भारंबे

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली:

१. (सही) डॉ. सुलक्षणा वारके, जळगाव
२. (सही) भूपेंद्र गिरधर सपकाळे, सावदा. व्यवसाय: साउंड सिस्टीम, लहान-मोठी