नांगर वळायचा ती जागा

आबा, आज वरकसावर जाऊन आले. उतारावरची आपली नाचणीची जमीन आणि तिच्या मधोमध गोल मांडलेले ते काळे दगड. तू नांगर घेऊन तिथवर आलास की बैल आपसूक वळायचे. मी सातवीत असताना एका दगडावर बसून करवंदं खात होते. तू लांबूनच ओरडलास, "उतर गो खाली! कुणाच्या उशाशी बसल्येस?" मी विचारलं, कुणाच्या? तू बैलांकडे बघत राहिलास. "काय ठावं. पन एवढं दगड उगाच कोन गोल मांडील?"

पुढच्याच वर्षी तू गेलास. मग मी महाडला कॉलेजात गेले, घरातली पहिली. सर सांगत होते, सावित्री नदीतून आलेला माल इथून बैलांवर लादून घाटावर जायचा. पण त्याच्याही आधी इथे कोण राहत होतं, ते कुणी नीट शोधलेलं नाही. विदर्भात अशी शिळावर्तुळं पुष्कळ आहेत, त्यांच्याखाली हजारो वर्षांपूर्वी पुरलेली माणसं सापडतात. मला तुझा 'उशाशी' आठवला. भर वर्गात डोळे भरून आले.

आता काकाला जमीन विकायची आहे. घेणारा मुंबईचा, बंगला बांधणार. दगड जेसीबीने ढकलून देणार. सातबाऱ्यावर तुझ्या जागी आईचं आणि माझं नाव लागलंय, म्हणून माझी सही हवी. काल काका ओटीवर बसून म्हणाला, "तुझा बा जल्मभर नांगर वळवीत रायला. दगडांनी काय दिला त्याला?" चुलतभाऊ हसला, "बीए झाली म्हंजे दगडांची वकील झाली काय गो?" आई चुलीत लाकूड सारत होती.

"मी सही करणार नाय," मी म्हटलं. "खाली माणसं पुरलेली हायत. सिद्ध झालंय तसं."

काका उठला. चहा तसाच राहिला.

सिद्ध काहीच झालेलं नाही, आबा. तो कुणाचा जुना गुरांचा वाडाही असू शकेल. आज तिथे उभी राहिले तेव्हा मला फक्त वळणारे बैल दिसले आणि त्यांच्यामागे तू. परत येताना मीही त्या दगडांना वळसा घालूनच आले.

सर विचारतायत, खोदून पाहायला जाणती माणसं आणू का? इतिहास शिकलेली मी, अजून त्यांना हो म्हटलेलं नाही. खाली कुणीच निघालं नाही तर, याची मला भीती वाटते.