फक्त एक दांडा

३ मार्च, सकाळी ८
यांच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. जेवणाला नावं ठेवतायत, म्हणजे ठणठणीत आहेत. तीन आठवडे फिजिओथेरपी सेंटरमध्ये, मग २४ला घरी. डॉक्टरांनी एकच बजावलंय: कमोडशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा हवा. पुन्हा पडले तर पुन्हा उठणं कठीण.
मिस्त्री म्हणाले, दोन तासांचं काम. बजेट पाच हजार, वर छदाम नाही. खरेदीखात्यात तीस वर्षं काढली. एकाही कंत्राटदाराला माझ्याकडून खिळा जास्तीचा मिळाला नाही. वही सुरू केली आहे. कामात बदल झाला की लिहायचा, खाली मागणाऱ्याची सही. मिस्त्रींना वाचून दाखवलं. मान डोलावली. या लोकांवर डोळा ठेवावा लागतो.

५ मार्च
दांडा आला. देखणा आहे. त्यामुळे मागची पिवळट भिंत अगदी भिकार दिसते. मिस्त्री म्हणाले, मॅडम, आज दांडा लावून टाकू, टाइल्सचं मागाहून बघू. कामचुकारपणा! आधी भिंत, मग दांडा, हे पहिलीतल्या मुलीलाही कळेल. बदल क्र. १. सही करा म्हटलं, तर त्यांनी वही माझ्याचकडे सरकवली. अक्षर वाईट असेल बिचाऱ्यांचं. मी केली.

९ मार्च
एक भिंत नवी, तीन जुन्या. पाहवेना. बदल क्र. २. खरं तर हा बदल नव्हेच, पहिल्याचाच उरलेला भाग.

१२ मार्च
लेकीचा फोन. ती ऑफिसात क्लायंटची प्रोजेक्ट्स सांभाळते. म्हणे, आई, याला स्कोप क्रीप म्हणतात. क्लायंट रोज थोडंथोडं वाढवत नेतो आणि शेवटी कंत्राटदारावर खेकसतो. मी म्हटलं, अगं, मिस्त्रींमुळे मला रोज हाच ताप आहे. मग विचारते, आई, तुमच्या प्रोजेक्टात क्लायंट कोण आहे गं? म्हटलं, तुझे बाबा! एवढी शिकलेली मुलगी, पण कळत काही नाही.

१५ मार्च, दुपारी
खिडकी (क्र. ३). आरसा (क्र. ४). आरशामुळे जुनं बेसिन दोनदोनदा दिसायला लागलं, म्हणून बेसिन (क्र. ५). बजेट सुधारून साठ हजार केलं. सुधारलं म्हणजे वाढवलं नव्हे.

१८ मार्च
टाइल्स लागल्या. पांढऱ्याशुभ्र! चार उरल्या. मिस्त्री म्हणाले, जपून ठेवा, ड्रिलिंग करताना एखादी तडकली तर लागेल. विचारलं, तुमचा तुमच्या हातावर भरवसा नाही का? चारही स्वयंपाकघरात गॅसमागे बसवून घेतल्या (क्र. ६). काय खुलल्यात!
यांचा फोन: दांडा लागला का? म्हटलं, तो ओरिजिनल स्कोपमध्ये आहे, कुठे पळून जातोय?

२२ मार्च
मिस्त्रींनी ड्रिलचं टोक टाइलला टेकवलं आणि मी किंचाळले. त्या भिंतीला सहा भोकं! आणि तडकली तर? उरलेली एकही नाही, आणि दुकानदार म्हणतो तो माल आता येत नाही. मिस्त्रींना खडसावलं, हे आधी सांगता येत नव्हतं? त्यांनी वही उघडली आणि एकेका पानावर बोट ठेवत गेले. उद्धट माणूस. बिल अठ्ठ्याऐंशी हजार. पाच हजारांच्या कामाचं!
रबरी चकत्यांनी चिकटणारा दांडा आणला (क्र. ७). चिकटवला, धरून पाहिला. हातात आला.

२५ मार्च, संध्याकाळी
काल हे घरी आले. बाथरूम पाहून म्हणाले, वा, हॉटेलात आल्यासारखं वाटतंय. मग चारही भिंतींवरून नजर फिरवली आणि विचारलं, दांडा कुठाय?
दांडा कपाटावर आहे. खोक्यात. ओरखडासुद्धा नाही.
तेव्हापासून "अगं" अशी हाक आली की मी जाते, भिंतीला पाठ लावून उभी राहते, हे माझा खांदा धरून उठतात. आतापर्यंत नऊ वेळा. आठव्या वेळी म्हणाले, थोडी डावीकडे सरक, आणि अशी हलू नकोस गं, भीती वाटते. नवव्या वेळी मी हलले नाही.
वही शिस्तीनं पूर्ण करायला हवी. बदल क्र. ८: स्टीलच्या दांड्याऐवजी मी. मागणाऱ्याची सही केली.
अक्षर मात्र अजून कॉन्व्हेंटमधल्यासारखंच आहे. आठही ठिकाणी.