घरखर्चाला जोडलेलं नाव

किन्हवली

प्रिय सुयोग,

चारचौघांत मी तुला अहोजाहो करते आणि खोलीत आलो की अरेतुरे. हे पत्र खोलीतलं समज आणि एकट्यानेच वाच. हल्ली मी फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतोस आणि हात पुन्हा मातीत घालतोस. मग मी बोलते ते तुझ्याबरोबर हेतलही ऐकते. मागे मी आईच्या पायाचं सांगत होते, तर तू बोलायच्या आधी तीच म्हणाली, “ताई, त्यांना हळदीचं दूध देत जा.” आईला मी रोज हळदीचं दूध देते. त्या दिवशी दिलं नाही.

आईचं आता बरं आहे. काठी टेकत ओटीपर्यंत जाते आणि तिथून वहिनीला सांगते की भाकरी जाड झाली. म्हणजे बरीच झाली. होळीला पडली तेव्हा वाटलं होतं, आता ही उठत नाही. भगीरथदादा सकाळी शहापूरला कामाला जातो, वहिनीला दोन लहान मुलं, म्हणून मी राहिले. तूच म्हणालास, जा, मी बघतो नर्सरीचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तू बघितलंस. फक्त एकट्याने बघितलं नाहीस.

तिचं नाव पहिल्यांदा कधी ऐकलं ते मला आठवतं. फार्महाउसवाल्या ठेकेदाराला पक्कं बिल हवं होतं, तर तू म्हणालास, मुरबाडचीच एक मुलगी आहे, दुकानांचे हिशोब कंप्युटरवर लावून देते, आठ दिवस येईल. मीच म्हटलं, बोलव. मग रोज काहीतरी. हेतल म्हणते, कलमांचा आणि कुंड्यांचा हिशोब वेगळा पाहिजे. हेतल म्हणते, प्रत्येक बिलात पैसे कसे आले ते टाकायचं आणि त्याला त्याचं खातं जोडायचं, मग संध्याकाळी डोकं खाजवायला नको. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले. एकदा सहज म्हणालास, चहात साखर सोडली, हेतल बिनसाखरेचाच करते, सवय झाली. सुयोग, लग्न झाल्यापासून मी तुला साखर कमी कर म्हणून सांगतेय. तुझ्या वडिलांच्या मधुमेहाचा दाखला देऊन सांगितलं, रडून सांगितलं. तिने नुसता चहा केला आणि तू प्यायलास. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईने विचारलं, “काय झाला गो?” मी म्हटलं, काय नाय, पित्त झालंय.

तिचा फोटो मी फोनवर मोठा करून पाहिला आहे. कानात बारीक रिंगा, केस मोकळे. एका फोटोत मागे आपली शेडनेट दिसते. आपल्या शेडनेटखाली माझा एकटीचा एकही फोटो नाही, कारण फोटो काढायचा तर माझे हात नेहमी शेणखताचे असायचे.

तुला ते स्टिकर आठवतं ना? सुरुवातीला कल्याणची गिऱ्हाईकं गाडी थांबवायची, रोपं निवडायची आणि फोन पुढे करायची, आणि आपल्याकडे स्कॅन करायला काही नसायचं. तुझ्या आधारवर एक नाव आणि बँकेत दुसरं, त्यामुळे तुझं होईना. मग माझ्या बचत खात्यावर ते काढलं आणि तू ते लाकडी पाटीवर चिकटवून गल्ल्याशेजारी उभं केलंस. स्कॅन केलं की दिपिका सुयोग भोईर असं नाव यायचं. लोक विचारायचे, ही कोण? तू हातातली पाण्याची नळी खाली न ठेवता म्हणायचास, “मालकीण आहे आमची, ती काय, वाफ्यात बसलीय.” लोक वळून बघायचे. मी मान खाली घालून पिशव्या भरत राहायचे, पण ऐकायचे सगळं. माहेरी मी सकुबाईची पोर होते, सासरी कमळाकरांची सून. माझ्या नावाने मला कोणी ओळखावं असं ते पहिलंच ठिकाण.

आता जे सांगते ते तुला माहीत नाही. गेल्या आठवड्यात मी मुरबाडला येऊन गेले. दादाची सुट्टी होती त्या दिवशी आईला त्याच्यावर सोपवलं, गावातल्या देवजीच्या जीपमध्ये बसले आणि तुला न सांगता निघाले. तुला चकित करायचं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला बघायचं होतं. वाटेत सरळगावपर्यंत मनात ठरवत होते की तुम्ही दोघं कुठे बसलेले असाल आणि मी काय बोलेन. उतरले तेव्हा ऊन इतकं होतं की तोंडाला ओढणी गुंडाळली होती. तू नव्हतास, टेम्पो नव्हता. टेबलामागे ती एकटी होती, माझ्या खुर्चीत, खुर्चीवर उशी टाकून. मान वर करून म्हणाली, “बोला ताई, काय पाहिजे?”

मी बोलायला हवं होतं. ओढणी काढून म्हणायला हवं होतं, मी दिपिका. पण तिने इतक्या सवयीने विचारलं की माझ्या तोंडून निघालं, “मोगऱ्याची दोन रोपं द्या.” ओढणीत आवाज दबला होता, तिला ओळखू आला नाही. ती उठली, वाफ्यात गेली आणि चांगली दोन निवडून आणली. ती रोपं मी लावलेली होती, सुयोग. छाट मी कापले होते. तिने पिशव्यांखालचं पाणी पुसलं, वर्तमानपत्रात नीट गुंडाळली, कळ्या दबू नयेत म्हणून तोंड मोकळं ठेवलं. वाईट वागली असती तर किती बरं झालं असतं.

मी फोन काढला तर म्हणाली, “ताई, या पाटीवर नका टाकू, रोखच द्या. हे बंद करतोय आम्ही.” आम्ही म्हणाली. मी विचारलं, का? ती बिचारी समजावून सांगायला लागली. रोख म्हटलं की गल्ल्याच्या खात्याला जातं, चेक असला की वटेपर्यंत बाजूला राहतो, ट्रान्सफर आली की बँकेला. पण या पाटीवरचे पैसे मालकांच्या बायकोच्या खात्यात जातात, धंद्यात तिचं काही नाव नाही, मग ते कुठल्या खात्याला जोडायचे? “म्हणून सध्या मी ते घरखर्चाला जोडलेत,” असं म्हणून तिने मला स्क्रीनसुद्धा दाखवली. माझ्या नावावर आलेलं प्रत्येक रोप, प्रत्येक कुंडी, तिथे घरखर्च म्हणून बसली होती. मी विचारलं, मालकांना चालतं हे? हसून म्हणाली, “ते कशाला बघतात, म्हणतात तुला बरोबर वाटेल ते कर.”

मी रोख दिले आणि माझीच दोन रोपं विकत घेऊन निघाले. स्टँडवर जीप भरेपर्यंत ती मांडीवर धरून बसले होते. घरी आईने ओटीवरूनच पाहिलं. म्हणाली, “नर्सरीवाल्याची बायको नं रोपं इकत घेऊन आली?” मी आत जाऊन भांडी घासायला बसले.

तुझ्यावर मला संशय नाही, हे लिहून ठेवते. तू तसा नाहीस आणि ती पोरगीही तशी दिसली नाही. पण मला तिचा हेवा वाटतो. तिला तू सांगतोस, तुला बरोबर वाटेल ते कर. मला कधी असं म्हणालास? मी ठिबकची लाइन बदलू म्हटलं तर तुला चार जणांना विचारावं लागलं. ती तुझ्या धंद्यातला एकेक रुपया कुठे बसतो ते ठरवते, आणि मी कुठे बसते तेही तिनेच ठरवलं. तेही तुला न विचारता नव्हे, विचारून. तू मान हलवली असशील आणि पुन्हा पाण्याकडे वळला असशील.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. काल संध्याकाळी तू फोन केलास. आईचं विचारलंस आणि मग म्हणालास, “अगो, तुझ्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा सांग, ती जुनी पाटी बंद करायचीय.” मी म्हटलं, रेंज नाही, मेसेज आला नाही. तू दोनदा पाठवलास, मी दोनदा नाही म्हटलं. रेंज होती, सुयोग. दोन्ही आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. ते आता शिळे झाले, बँक नवा पाठवेल. हेतलचं म्हणणं बरोबर आहे, धंद्याचे पैसे बचत खात्यात नकोतच. तिला तसं सांग. पण बँकेत जाशील तेव्हा भागीदारीच्या खात्याचा अर्ज आण आणि नवं खातं दोघांच्या नावाने काढ. मी सोमवारी येतेय, सही करायला, आणि कायमची. तो कागद समोर आला की मागशील तो आकडा मी स्वतः वाचून दाखवीन. तुला ते जमणार नसेल तर सोमवारच्या आत फोन कर. स्पीकरवर नको.

तुझीच, आणि नर्सरीचीही,
दिपिका