पांढरा बेलबॉटम आणि सतरा मिनिटांचे भाषण

मु. पो. सावली, जि. चंद्रपूर
दि. ९ एप्रिल १९८९

परमस्नेही वहाबभाऊ यांस,

लटारू निमगडे याचा सप्रेम जयभीम आणि सलाम. आपली प्रकृती कशी आहे? खातूनवहिनींच्या गुडघ्यांस भद्रावतीचे पाणी मानवले काय? सावली सोडून आपण मुलाच्या दुकानी गेलात त्यास चार वर्षे झाली. परंतु येथे अद्याप एकही शिंपी असा आलेला नाही की ज्याने माझ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या सारख्या लांबीच्या केल्या. आम्ही उभयता ठीक आहोत. (म्हणजे मी ठीक आहे. गिरजाबाई गेले आठ दिवस माझ्याशी बोलत नसल्यामुळे त्यांची प्रकृती मला भांड्यांच्या आवाजावरूनच ओळखावी लागते. आवाज खणखणीत आहे.)

आमच्या गुलाबचे लग्न वैशाखी पौर्णिमेस तुमच्या भद्रावतीतच योजिले आहे, हे आपणांस कळले असेलच. मुलगी कमला शिक्षिका आहे, आणि तिचे हस्ताक्षर निर्दोष आहे. या लग्नासंबंधी एक अडचण उत्पन्न झाली आहे. ती मी क्रमाने सांगतो. परंतु त्याआधी एका असत्याचे निराकरण करणे अगत्याचे आहे. मागील महिन्यात गिरजाबाई तुमच्या दुकानी चहास बसल्या असता चिरंजीव जहीर एका गिऱ्हाइकास सांगत होता म्हणे, "आमचे गुरुजी पुरा पाऊण घंटा बोलले, अन् ते बी आपल्याच पोराले जावई समजून!" वहाबभाऊ, हे सर्वथा चूक आहे. भाषण पाऊण तासाचे नव्हते. सतरा मिनिटांचे होते. बाकीचे विधान, दुर्दैवाने, बरोबर आहे. त्या दिवशी आपण बल्लारपुरास मेहुण्याकडे गेला होतात, म्हणून या प्रकरणाच्या सहा निरनिराळ्या आवृत्त्या आपल्या कानी आल्या असतील. अधिकृत आवृत्ती पुढीलप्रमाणे.

सन १९८३ चा तो उन्हाळा आठवा. मुंबईहून निघालेली बेलबॉटमची फॅशन नागपूर, चंद्रपूर, मूल असे थांबे घेत, एस. टी.च्या वेगाने, आपल्या सावलीस पोहोचेपर्यंत मुंबईकरांनी ती टाकूनही दिली होती. परंतु आपल्या पोरांना हे सांगणार कोण? त्यांना वाटले, जगात ती आत्ताच उगवली. माझा गुलाब चंद्रपुरास कॉलेजात होता. सुटीत तो घरी येई आणि आणखी चार पोरांना जमवून राइस मिलच्या अंगणात 'डीस्को ग्रुप' चालवी. (पाटीवर 'डी' दीर्घ लिहिला होता. मी खडूने तो ऱ्हस्व केला. नृत्य दुरुस्त करणे माझ्या शक्तीबाहेरचे होते.) त्यांची केशरचना अशी की कान असल्याचा पुरावा मिळेना. सदऱ्याची कॉलर खांद्यापलीकडे जाई. कमरपट्ट्याचे बक्कल एवढे मोठे की नथ्थू पानवाल्याने, "गुलाबभाऊ, यात मावते का जी पावभर भाजी?" असे विचारल्याचे मी स्वतः ऐकले आहे. डोळ्यांवर काळा गॉगल. तोही सायंकाळी, आणि कोंड्याच्या धुरळ्यात. त्यांच्याजवळ दोन भोंग्यांचा एक टेपरेकॉर्डर होता. त्याचे सेल उतरले की दुपारी छपराच्या कवेलूंवर उन्हात वाळत घालीत. तरीही ते पुरते चढत नसत, आणि मग बाईच्या आवाजात सुरू झालेले गाणे तिसऱ्या कडव्यास एखाद्या आजारी पाटलाच्या आवाजात संपे. पोरे मात्र त्याच चालीवर, तितक्याच संथपणे, पाण्यात चालल्यासारखी नाचत राहत. मी मिलच्या भिंतीआडून हे पाहत असे. (देखरेखीसाठी.)

आणि त्या विजारी! येथे, वहाबभाऊ, आपला उल्लेख टाळता येत नाही. गुलाबचा तो पांढऱ्या टेरिकॉटचा बेलबॉटम, अठ्ठावीस इंच घेराचा, आपण शिवलात. एवढ्या कापडात एका सुसंस्कृत मनुष्याच्या दोन विजारी झाल्या असत्या. आपल्या मुलुखात बेलबॉटम घालणे म्हणजे काय, याचा विचार शिवताना आपण केला होता काय? धानाच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून तो एकदा घरी आला, तेव्हा त्या घेरात दोन मुठी कुसळे, एक बेडकी आणि शेजारच्या लालसूच्या गाईने नुकतेच टाकलेले बरेच काही होते. सायकलवर बसताना ही पोरे घेर गुंडाळून त्यास कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावीत. उतरल्यावर एखादा चिमटा तसाच राही, आणि पायात टोचत असतानाही ऐटीत चालावे लागे. गिरजाबाई दुपारभर कुसळे वेचीत आणि वर मलाच म्हणत, "शोभते ना पोराले! तुमी कवा आरशात पायलं होतं का?"

आता मुख्य प्रसंग. माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंची कन्या सत्यशीला हिचे लग्न त्याच वर्षी मे महिन्यात होते. मुलगा जिवतीचा, भाऊदास नावाचा, सालस. वधूपक्षाचा वडीलधारा म्हणून स्वागताचा भार माझ्यावर होता. वेशीपाशी वरास हार घालावा, चार शब्द बोलावेत आणि बरात जानोशास, म्हणजे तिच्या उतरण्याच्या घरी, न्यावी, असा क्रम ठरला. चार शब्द मी पंधरा दिवस खपून लिहिले होते. आपणांस ठाऊक आहे, माझ्याजवळ दोन चष्मे आहेत, एक वाचण्याचा आणि एक लांबचा. भाषण वाचायचे म्हणून मी वाचण्याचा लावला. त्या चष्म्यातून हातातील कागदावरचा अनुस्वारदेखील ठसठशीत दिसतो, आणि कागदापलीकडील जग ताकासारखे दिसते.

आमच्या बौद्ध लग्नात वर शुभ्र वस्त्रांत असतो, हे मी सांगायला नको. परंतु जिवतीच्या डोंगरातून बरात निघाली ती ट्रकने. चार तासांची धूळ अंगावर घेण्यापेक्षा, पांढरे कपडे पेटीत ठेवून जानोशास बदलू, असा शहाणा विचार भाऊदासने केला आणि प्रवासास मळखाऊ सफारी घातली. ट्रक वेशीपाशी थांबला. त्याच क्षणी पलीकडे चंद्रपूरची एस. टी. थांबली. ट्रकमधून उतरली धुळीची माणसे, आणि एस. टी.तून उतरली पाच पोरे. चार रंगीत, मधले एक डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र. पांढरा सदरा, पांढरे बूट, कपाळास पांढरी पट्टी. त्याने चंद्रपुरातच केस कुरळेही करून घेतले होते. पेपर संपवून बहिणीच्या लग्नास थेट आला होता बिचारा. मला त्या ताकात एवढेच दिसले की शुभ्रवस्त्रधारी एक तरुण, मित्रांनी वेढलेला, सलज्ज पावलांनी माझ्याकडे येत आहे. (पावले सलज्ज नव्हती. टाच उंच होती.) मी पुढे झालो, हार घातला आणि कागद उघडला.

वहाबभाऊ, तो माझा मुलगा. ज्या बापाने आयुष्यभर त्यास "सरळ उभा राहा" याखेरीज फारसे काही म्हटले नव्हते, तो बाप हार घालून हात जोडून "आदरणीय" म्हणत आहे, हे पाहिल्यावर त्याने काय करावे? तो सरळ उभा राहिला. बाकीची मंडळी गप्प का राहिली, हे मी पुढे अनेकांस विचारले. निम्म्यांना वाटले, गुरुजींनी काही नवी रीत काढली असेल. उरलेल्यांना मजा येत होती. आणि मी वाचत होतो! "आपल्या या साध्या, निगर्वी वेशातूनच आपली निर्व्यसनी वृत्ती प्रकट होते." (बक्कल उन्हात चमकत होते.) "आपल्यासारखा तरुण आमच्या कुळाशी जोडला जात आहे, हे आमचे भाग्य. आपली चाल नम्र आहे, आपली दृष्टी निर्मळ आहे." (गॉगल.) "आजच्या भडक जमान्यात आपल्यावर मला संपूर्ण भरवसा वाटतो." आणि मग, सोळाव्या मिनिटास, "ज्या पित्याने असा पुत्र घडविला, त्या थोर पित्याचे अभिनंदन करावे तितके थोडेच आहे!"

येथे सभा हसून फुटली. बायांच्या घोळक्यातून गिरजाबाई ओरडल्या, "अवो, तो आपला गुलाब हाये ना जी!" मी लांबचा चष्मा खिशातून काढून लावेपर्यंत एक मिनिट गेले, तेही मी सतरात धरले आहे.

हसू मात्र सर्वांना आले नाही. वराचे काका बापूराव ट्रकच्या फळीला टेकून हे सर्व पाहत होते. ते पुढे आले. "काऊन जी गुरुजी? आमचा नवरदेव इथी उन्हात उभा, अन् तुमी नाचणाऱ्या पोराले हार घालून राह्यले? धूळ लागली म्हनून मानूस दिसत नाई का तुमाले? फिरवा रे ट्रक!" आणि ड्रायव्हर खरेच चढला. आत मंडपात सत्यशीला नटून बसली होती. बाप नसलेली पोर, वहाबभाऊ. माझ्या हातात साडेचार पाने शुद्ध मराठी होती, आणि त्यांतील एकही वाक्य त्या क्षणी उपयोगाचे नव्हते.

गुलाबने गळ्यातला हार काढला. धुळीने माखलेल्या भाऊदासच्या गळ्यात घातला. बापूरावांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकाजी, बाबाले जवळच्या चष्म्यातून दूरचं दिसत नाई. मले बी ते आज पयल्यांदाच इतकं चांगलं बोलले. तेवढ्यासाठी मी उभा राह्यलो, माफी द्या." मग त्याने मागे बोट केले, आणि टेपरेकॉर्डर सुरू झाला. सेल त्या दिवशी नवे होते. पाच पोरांनी नवरदेवास खांद्यावर घेतले आणि नाचत जानोशाकडे निघाली. बापूराव पाच पावले रागात चालले, दहा पावले नुसते चालले, आणि वळणावर मी स्वतः पाहिले (या वेळी लांबच्या चष्म्यातून) की त्यांनी धोतराचा सोगा खोचला होता आणि त्यांचा उजवा पाय बेलबॉटमच्या तालावर पडत होता. लग्न लागले. सत्यशीलेस आता दोन मुले आहेत.

अशा मुलाची पाठ थोपटायची असते. मी काय केले, ते त्या सहाही आवृत्त्यांत नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी अवघी सावली मला "थोर पिता" म्हणून हाक मारीत होती. मी घरी आलो, दोरीवरचा तो बेलबॉटम काढला, पट्टी ठेवून रेघ मारली आणि गुडघ्याखाली दोन्ही पाय कापले. गुलाब दारात उभा होता. जवळ येऊन त्याने कापलेली कड पाहिली आणि एवढेच म्हणाला, "रेघ तं सरळ हाये, बाबा."

पुढचे आपण जाणताच. कारखान्यात नोकरी लागली आणि तो भद्रावतीस गेला. आता तो येतो तेव्हा केस बारीक, तेल लावलेले. विजार करड्या रंगाची, माझ्यासारखी. आईशी बोलताना अजून 'मले' म्हणतो. माझ्याशी बोलताना 'मला' म्हणतो, वाक्य पूर्ण करतो आणि गप्प बसतो. हेच मी वीस वर्षे मागत होतो. मिळाले आहे, आणि घरात पाहुणा आल्यासारखे वाटते. राइस मिलच्या भिंतीआड मी आता थांबत नाही. पाहण्यासारखे काही नसते.

आठ दिवसांपूर्वी त्याचे पत्र आले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्यात लिहिले होते, "लग्न साधेपणाने व्हावे. वाजंत्री नको, टेपही नको. आपणांस आवडत नाही." गिरजाबाईंनी ते मला दोनदा वाचायला लावले आणि म्हणाल्या, "तुमीच कापलं, तुमीच जोडा." त्यानंतर भांडी सुरू झाली.

असो. पत्र लांबले. भाषण सतरा मिनिटांचे होते, एवढे जहीरच्या कानी घालावे, यासाठीच हे लिहिले. दुसरे काही विशेष नाही. खातूनवहिनींस नमस्कार, जहीरच्या पोरांस आशीर्वाद.

आपला बालमित्र,
लटारू निमगडे
(सेवानिवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. १ : सोबतच्या पार्सलात पांढऱ्या टेरिकॉटचे दोन तुकडे आहेत. हे त्याच बेलबॉटमचे खालचे पाय. एकाचे सहा वर्षे माझ्या व्याकरणाच्या वहीस वेष्टन होते, म्हणून त्यावर शाईचा डाग आहे. दुसऱ्यास गिरजाबाईंनी कोणालाही हात लावू दिलेला नाही. यांवरून घेराचा अंदाज घेऊन गुलाबसाठी लग्नाची पांढरी विजार शिवावी. घेर अठ्ठावीस इंच. एक इंचही कमी नको. कमरेचे माप त्याच्या नकळत घ्यावे. तो 'नको' म्हणाला तर 'बाबांनी सांगितले आहे' असे म्हणावे. तरीही विश्वास बसला नाही, तर हे तुकडे दाखवावेत आणि कापलेली कड त्याच्या हाती द्यावी.

ता. क. २ : ती फॅशन जाऊन कैक वर्षे झाली, हे आपण सांगाल. मला ठाऊक आहे. कोणतीही फॅशन मला ती गेल्यावरच आवडू लागते. मंडपात कोणी हसल्यास त्यांची नावे मला कळवावीत. टेपरेकॉर्डरसाठी नवे सेल मी घेऊन येत आहे, आणि त्या चारही पोरांना मी स्वतः पत्रे धाडली आहेत.

ता. क. ३ : मंगलविधी झाल्यावर मी तेच भाषण पुन्हा करणार आहे. लांबचा चष्मा लावून, म्हणजे ते पाठ करावे लागेल. अडीच पाने पाठ झाली आहेत. एकही शब्द बदललेला नाही. फक्त थोर पित्यासंबंधीचे वाक्य गाळले आहे. त्यामुळे ते आता सोळा मिनिटांचे होईल. जहीरला तसे सांगून ठेवावे.